थांबणे आणि लांबवणे : स्तनातील गाठीच्या अहवालाची वाट पाहताना

विकृतिशास्त्राच्या अहवालावर, म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशींची किंवा ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून दिलेल्या लेखी निष्कर्षावर, साधारणपणे दोन तारखा छापलेल्या असतात. एक नमुना मिळाल्याची आणि दुसरी अहवाल दिल्याची. या दोन तारखांमधले दिवस फाईलमध्ये कोठेही नोंदलेले नसतात, परंतु ज्या स्त्रीच्या स्तनातील गाठीचा तो नमुना असतो तिला पुष्कळदा साऱ्या प्रकरणातला सर्वांत अवघड काळ तोच वाटतो, मग पुढे गाठ साधी निघो वा न निघो. मराठीत या अवस्थेला ‘जीव टांगणीला लागणे’ म्हणतात आणि हा शब्दप्रयोग नेमका आहे, कारण टांगलेली वस्तू खाली पडलेली नसते आणि कोठे टेकलेलीही नसते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत या टांगणीला आणखी काही पदर आहेत. साधी तपासणी आणि सोनोग्राफी तालुक्याच्या गावी होऊ शकते, परंतु मॅमोग्राफी, बायोप्सी आणि त्यापुढच्या चाचण्यांसाठी बहुतेकींना पुण्याची, शिरूरकडच्या काहींना अहिल्यानगरची वाट धरावी लागते. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते किंवा कंपनीत खाडा पडतो. आणि हातात फाईल घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिलेली बाई साऱ्या आळीला दिसत असल्याने दवाखान्याची फेरी फार काळ गुप्तही राहत नाही.

वाट पाहण्याचे दोन प्रकार आरंभीच वेगळे केले पाहिजेत, कारण बाहेरून ते सारखेच दिसतात आणि त्यांची गल्लत झाली की हानी होते. नमुना प्रयोगशाळेत पोचला आहे, त्यावर काम चालू आहे आणि ते पुरे होईपर्यंत दुसरे काही करण्यासारखे नाही, हा पहिला प्रकार. त्याला थांबणे म्हणावे. गाठ हाताला लागली आहे, पण ऊस कारखान्याला गेल्यावर, मुलीचे लग्न उरकल्यावर किंवा मुलाची बारावी पार पडल्यावर दाखवू असे ठरवून तपासणीच सुरू न करणे, किंवा सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी सुचवलेली पुढची तपासणी न करता घरी बसणे, हा दुसरा प्रकार. ते लांबवणे होय. थांबण्याने प्रकृतीचे नुकसान होत नाही, त्रास होतो तो मनाला, आणि त्याच्यावर काही उपाय आहेत. लांबवण्याने उलट घडते. मनाला काही दिवस बरे वाटते आणि किंमत प्रकृतीला मोजावी लागते.

स्तनात लागणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य कर्करोगाच्या नसतात, हे विधान केवळ धीर देण्यासाठी केले जाते असा अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात ते वस्तुस्थितीचे वर्णन आहे. तरुण वयात आढळणारी, बोटाखाली इकडेतिकडे सरकणारी, रबरासारखी घट्ट गाठ पुष्कळदा ‘फायब्रोॲडिनोमा’ असते, म्हणजे स्तनातील ग्रंथी आणि तंतू यांचीच झालेली साधी वाढ. पस्तिशीनंतर, विशेषतः पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत, पाण्याने भरलेली पिशवी म्हणजे ‘सिस्ट’ आढळते. पाळीपूर्वी स्तन गाठीगाठींचे व दुखरे होणे आणि पाळी आल्यावर ते मऊ पडणे हा संप्रेरकांचा परिणाम असतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होते किंवा जंतुसंसर्गाने गळू होते, मार लागल्यानंतर चरबीचा भाग कडक होऊन गाठीसारखा लागतो, आणि क्वचित क्षयरोगही स्तनात गाठीच्या रूपाने प्रकट होतो. मात्र यांपैकी कोणती गाठ आहे हे बोटांनी किंवा शेजारणीच्या अनुभवावरून ठरत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नसणार’ हा तर्क ग्रामीण भागात फार प्रचलित आणि फार घातक आहे, कारण सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे हा आजार साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतच, गाठतो. ‘बहुसंख्य’ या शब्दाने रात्रीची झोप राखावी. तपासणी टाळण्यासाठी तो वापरू नये.

गाठीचा निर्णय तीन गोष्टी एकत्र पाहून होतो आणि त्यांना मिळून ‘त्रिविध परीक्षण’ म्हणतात: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने घेतलेली प्रतिमा, आणि गाठीतील पेशींची किंवा तुकड्याची तपासणी. चाळिशीच्या आतील स्त्रीच्या स्तनात ग्रंथींचा भाग दाट असल्याने तिच्यासाठी बहुधा आधी सोनोग्राफी करतात. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये क्षणभर दाबून घेतलेला क्ष-किरण फोटो. या प्रतिमांच्या अहवालात पुष्कळदा ‘बायरॅड्स’ नावाचा ० ते ६ यांपैकी एक अंक लिहिलेला असतो आणि तो वाचून घरोघर घबराट उडते, म्हणून त्याचा अर्थ माहीत असणे बरे. शून्य म्हणजे रोग नाही असे नव्हे, तर चित्र अपुरे असून आणखी तपासणी हवी असा त्याचा अर्थ आहे. १ आणि २ म्हणजे काळजीचे काही नाही. ३ म्हणजे गाठ जवळजवळ निश्चित साधी असून कर्करोगाची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ हा फार रुंद पट्टा आहे. त्यात शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत कोणतीही शक्यता सामावते, आणि म्हणूनच ‘चार नंबर आला’ एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष न काढता तो ४-ए आहे, ४-बी आहे की ४-सी हे डॉक्टरांना विचारावे, कारण ४-ए मध्ये ही शक्यता शंभरात दहापर्यंतच असते. ५ म्हणजे संशय बळकट आहे, तरीही तुकड्याच्या तपासणीवाचून निदान पुरे झाले असे मानत नाहीत. ६ हा अंक कर्करोग आधीच सिद्ध झालेल्या स्त्रीच्या पुढील तपासण्यांसाठी राखलेला आहे. हे अंक कर्करोगाच्या पायऱ्या नाहीत. चार म्हणजे चौथी स्टेज हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की अहवाल हाती देतानाच तो दूर करायला हवा.

अहवालाला वेळ का लागतो, हे समजले की वाट पाहण्याची धार काहीशी बोथट होते. गावात ‘सुईची तपासणी’ म्हणून ओळखली जाणारी एफ.एन.ए.सी. बारीक सुईने पेशी ओढून काचपट्टीवर पसरण्याची पद्धत आहे आणि तिचा निष्कर्ष एक-दोन दिवसांत मिळू शकतो. ‘तुकडा तपासायला पाठवला’ असे जिला म्हणतात ती कोअर बायोप्सी वेगळी. तिच्यात जागा बधिर करून, थोड्या जाड सुईने, तांदळाच्या दाण्याहून बारीक पण लांबट असे काही तुकडे घेतले जातात. हे तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती कुजू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रावणात, ठेवले जातात; पुढच्या चाचण्या विश्वासार्ह ठराव्यात म्हणून ते त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावेत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यानंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यांतले पाणी काढले जाते, झायलीन या द्रावकातून ते पारदर्शक केले जातात, वितळलेले मेण त्यांत मुरवले जाते आणि मेणाच्या ठोकळ्यात ते पक्के बसवले जातात. या ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे लक्षात घेतले तर या कामाची नाजूकता कळेल. काप काचेवर घेऊन दोन रंगांनी रंगवले जातात, त्यामुळे पेशींची केंद्रके निळसर-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो, आणि त्यानंतर विकृतिशास्त्रज्ञ ते वाचतात. यांतील बराचसा वेळ रसायने मुरण्याचा असतो आणि कोणी ओळख लावली किंवा जास्त पैसे भरले तरी मेण लवकर थिजत नाही.

म्हणून तुकड्याच्या अहवालास चार-पाच दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ लागणे स्वाभाविक आहे. काही वेळा पहिल्या कापात चित्र स्पष्ट नसते आणि त्याच ठोकळ्यातून आणखी खोल काप घ्यावे लागतात. काही वेळा दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवावे लागते. आणि काही वेळा ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ ही पुढची चाचणी लावली जाते, जिच्यात विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी रसायने वापरून पेशींचा प्रकार किंवा ई.आर., पी.आर. आणि हर-टू यांसारख्या खुणा शोधतात. शेवटची चाचणी ऐकली की ‘म्हणजे नक्कीच काहीतरी आहे’ असा अर्थ काढला जातो. उपचार ठरवण्यासाठी ती कर्करोगात करतातच, परंतु गाठ साधी आहे की नाही ही शंका फेडण्यासाठीही ती करावी लागते, त्यामुळे चाचणीच्या नुसत्या नावावरून निकाल ओळखता येत नाही. उशिरावरूनही तो ओळखता येत नाही. अहवाल लांबला म्हणजे वाईट आणि लवकर आला म्हणजे चांगला, किंवा प्रयोगशाळेतल्या माणसाने फोनवर ‘मॅडमना भेटा’ म्हटले म्हणजे वाईट, ही सगळी मनाने लावलेली गणिते आहेत; पुष्कळ प्रयोगशाळा फोनवर कोणालाच निष्कर्ष सांगत नाहीत.

या थांबण्यात गाठ वाढून हाताबाहेर जाईल ही भीती निराधार आहे. स्तनाच्या बहुतेक गाठी दिवसांच्या हिशेबाने वाढत नाहीत आणि आठ-दहा दिवसांनी उपचाराच्या संधीत फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाती घेतलेल्या स्तन-कर्करोग उपक्रमात पहिल्यांदा दाखवल्यापासून निदान पक्के होईपर्यंत ६० दिवसांची मर्यादा सुचवली आहे, आणि लक्षण दिसल्यापासून तीन महिने किंवा अधिक उशीर झालेल्या स्त्रियांचे आयुष्यमान कमी आढळल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून मांडण्यात आला होता. आठवडा आणि तिमाही यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवले की कोणत्या विलंबाची धास्ती घ्यावी आणि कोणत्याची घेऊ नये हे ठरवता येते. याला अपवाद थोडे आहेत: स्तन काही दिवसांत लाल, गरम आणि सुजलेला होणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, किंवा पाजणाऱ्या बाईला तापासह ठणका लागणे, अशा वेळी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. बायोप्सीनंतर थोडे दुखणे आणि काळेनिळे होणे नेहमीचे आहे, दोन दिवस पाण्याचा हंडा आणि गवताचा भारा उचलू नये एवढे पुरते. सूज झपाट्याने वाढली, दाबूनही रक्त थांबले नाही किंवा पू आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लांबवण्यामागे केवळ अज्ञान असते असे मानणे त्या स्त्रियांवर अन्याय करणारे आहे. ‘गाठीला लोखंड लागले की ती पसरते’ ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामागे एक खरे निरीक्षण आहे: फार उशिरा आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तो दगावला, हे गावाने पाहिलेले असते. कारण उशीर होता, दोष शस्त्राला लागला. सुईने तपासणी केल्यामुळे आजार वाढून स्त्रिया दगावतात असे दिसलेले नाही, उलट सुईवाचून उपचाराची दिशाच ठरत नाही. रांजणगावच्या महागणपतीला किंवा दौंडपासून भीमेपलीकडे असलेल्या सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला नवस बोलण्याने तपासणीत कोणतीही अडचण येत नाही आणि अनेकींना त्याने खरोखर धीर येतो. अंगारा कपाळाला लावावा. गाठीवर मात्र लेप, शेक, चोळणे किंवा पाने बांधणे करू नये, कारण त्यामुळे त्वचा लाल होते आणि डॉक्टरांच्या हाताला व प्रतिमेला मिळणाऱ्या खुणा पुसट होतात.

पहिले पाऊल तर गावाबाहेरही टाकावे लागत नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी हा सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाचा भाग असून आशाताईंमार्फत किंवा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडे त्याची चौकशी करता येते. हाताच्या तपासणीचे मोल मुंबईतील एका दीर्घ अभ्यासाने दाखवले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतील निम्म्या गटाची प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली होती, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडला व पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याच्याही आधी, १९८७ साली, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव जाऊन लक्षणांबद्दल बोलत राहिले आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्याचे दिसले. आजार निराळा असला तरी माणसे त्याच मातीतली होती, आणि खेड्यातील बाई मुळातच दवाखाना टाळते या समजुतीला त्या अनुभवाने चांगले उत्तर दिले आहे.

आता प्रश्न उरतो तो थांबण्याच्या दिवसांचा. अनिश्चितता ही वाईट बातमीची सौम्य आवृत्ती असते असे सर्वसाधारणपणे मानतात, पण शरीर तसे मानत नाही. २००९ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात बायोप्सी झालेल्या १२६ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण पाच दिवस मोजले होते. पाचव्या दिवशीही ज्यांना निकाल कळलेला नव्हता त्यांचे प्रमाण कर्करोग असल्याचे कळलेल्या स्त्रियांसारखेच बिघडलेले होते. लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखवले की, सौम्य विजेचा झटका बसणार हे नक्की माहीत असलेल्या माणसांपेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असलेली माणसे अधिक ताणाखाली असतात. तेव्हा अहवाल येण्याआधीच हातपाय गळून जाणे, अन्न गोड न लागणे, पहाटे तीनला जाग येणे हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नाही. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या २३० पदवीधरांच्या अभ्यासात तर काळजी दडपण्याच्या बहुतेक क्लृप्त्या निष्फळ ठरल्या, आणि जे काळजीत राहिले तेच पुढे वाईट निकालाला अधिक नीट सामोरे गेले. ‘सकारात्मक विचार कर’ हा उपदेश या काळात एक जादा ओझे होऊन बसतो. धास्ती वाटते तर ती वाटू द्यावी, फक्त तिला घरभर फिरू देऊ नये.

त्यासाठी मानसोपचारात एक साधी रीत सुचवली जाते, ती म्हणजे काळजीला वेळ नेमून देणे. संध्याकाळी दिवेलागणीआधी वीस-पंचवीस मिनिटे, ठरलेल्या जागी, मनात येईल ते सारे येऊ द्यावे, लिहिता येत असेल तर वहीत प्रश्नाच्या रूपात उतरवावे, आणि दिवसभरात तोच विचार पुन्हा आला की ‘संध्याकाळी’ असे म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. पहिले दोन दिवस हे जमत नाही, नंतर बरेचसे जमते. वहीतल्या प्रश्नांतून डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. याउलट गाठ दिवसातून दहा वेळा चाचपणे पूर्ण बंद करावे, कारण दाबून दाबून जागा दुखरी होते, दुखरी झाली की मोठी वाटते, आणि मोठी वाटली की पुन्हा हात तिथेच जातो. मोबाइलवर रात्री अहवालातले शब्द शोधत बसणेही याच जातीचे आहे. त्यात कोठल्यातरी परक्या बाईचे चौथ्या अवस्थेतले दुखणे सापडते आणि स्वतःच्या गाठीबद्दल काहीच कळत नाही. हालचालीचे, हाताला गुंतवणारे काम या काळात औषधासारखे असते. कांदा काढणे, गोठा, शिवणाचे मशीन, कंपनीतली पाळी, संध्याकाळचा हरिपाठ, जे रोजचे आहे ते शक्यतो रोजच्या वेळी चालू ठेवावे. झोप सलग तीन-चार रात्री मुळीच लागली नाही, छातीत धडधडून श्वास कोंडू लागला किंवा जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ या सरकारी, विनामूल्य सेवेवर मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. जीव नकोसा वाटत असल्यास घरात कोणाला तरी त्याच क्षणी सांगावे.

घरात कोणाला आणि किती सांगावे हा या भागात वैद्यकीय प्रश्नाइतकाच नाजूक प्रश्न आहे. कोणालाच न सांगता एकटीने फाईल पदराखाली झाकून ठेवणे आणि साऱ्या भावकीला कळवून रोज दहा फोनना उत्तरे देत बसणे, ही दोन्ही टोके थकवणारी आहेत. दोन माणसे निवडावीत. एक सोबत येणारे आणि एक ज्याच्याजवळ रडता येईल असे, आणि ती दोन्ही कामे नवराच करील असा आग्रह नसावा. पुष्कळ पुरुष या काळात गप्प होतात किंवा केवळ खर्चाबद्दल बोलतात, त्यामागेही भीतीच असते, तरी बायकोला ते न विचारताच कळावे अशी अपेक्षा त्यांनी करू नये. ‘काय नाय व्हत, उगं जिवाला लावून घेती’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी त्याने बोलणे तिथेच बंद पडते. जाऊबाईने ‘बेस्तरवारी मी येते तुझ्यासंगं, म्हशीचं मी बघते’ म्हटले तर त्यात धीर आणि मदत दोन्ही येतात. मुलांपासून सारे लपवले तर ती स्वतःच्या कल्पनेने अधिक वाईट चित्र रंगवतात. आईच्या अंगात एक गाठ आहे, ती डॉक्टर तपासत आहेत, कळले की सांगू, एवढे लहान सत्य त्यांना पेलते. माहेरच्या कोणा बाईला पूर्वी हा आजार झाला असल्यास ती गोष्ट कुलंगडे म्हणून न दडवता डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण पुढील तपासणी ठरवण्यात माहेरच्या रक्ताच्या नात्यांची माहिती कामी येते. सासरच्या आजाराचा मात्र तिच्या गाठीशी रक्ताचा संबंध नसतो.

अनिश्चिततेचा बराच भाग व्यवहाराचाही असतो आणि तेवढा तरी पहिल्याच दिवशी कमी करता येतो. नमुना दिल्यावर खोलीबाहेर पडण्यापूर्वी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: अहवाल अंदाजे कोणत्या वारी मिळेल, तो न मिळाल्यास कोणत्या क्रमांकावर चौकशी करावी, तो घ्यायला स्वतः यावे लागेल की नातेवाइकाच्या हाती किंवा मोबाइलवर मिळेल, आणि तो समजावून सांगणारे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अहवाल एका दिवशी आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी अशी ताटातूट झाली की न कळणाऱ्या इंग्रजी शब्दांबरोबर घरी एकटे राहावे लागते. दौंडहून रेल्वेने येणाऱ्यांना ससून सर्वोपचार रुग्णालय पुणे स्टेशनच्या अगदी जवळ पडते. शिरूरला रेल्वे नाही, तेथून नगर रस्त्यावरच्या वाहतुकीत किती वेळ जाईल याचा भरवसा नसल्याने बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठायची तर पहाटेची गाडी धरावी. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे सोबत बाईमाणूस नेणे परवडते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी स्वतःचे किंवा नवऱ्याचे राज्य कामगार विम्याचे कार्ड आहे का ते पाहावे, आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी रेल्वेच्या वैद्यकीय सेवेकडे आधी चौकशी करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, पण तिची विचारपूस निदानाची वाट न पाहता करून ठेवावी. संलग्न रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात आणि १५५३८८ हा तिचा मदत क्रमांक आहे. रेशनकार्ड व आधार यांवरील नावे जुळत नसतील तर ती दुरुस्त करणे हे थांबण्याच्या दिवसांत करण्याजोगे उत्तम काम आहे, कारण ते निकाल काहीही आला तरी उपयोगी पडते.

हल्ली अहवाल रात्री-अपरात्री मोबाइलवर येऊन पडतो. तो कधी आणि कोणासमोर उघडायचा हे आधीच ठरवलेले असावे. रात्री साडेनऊला आलेला कागद सकाळी सोबतच्या माणसाबरोबर उघडला तर त्यातले काही बदलत नाही आणि एक रात्र वाचते. उघडल्यावर ‘बिनाइन’ म्हणजे साधी आणि ‘मॅलिग्नंट’ किंवा ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोगाची, एवढे दोन शब्द ओळखता आले तरी पुरे; ‘एटिपिकल’, ‘सस्पिशियस’, ‘इनॲडिक्वेट’ यांसारखे मधले शब्द आल्यास टांगणी आणखी काही दिवस लांबणार आहे आणि बहुधा पुन्हा नमुना घ्यावा लागणार आहे, याची मनाला आधी कल्पना असावी.

निकाल कर्करोगाचा असला तरी त्याच दिवशी, त्याच खोलीत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागत नाही. काही दिवस घेऊन, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा पुण्यातील दुसरे तज्ज्ञ यांचे मत घेता येते. त्यासाठी काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत, म्हणजे बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. लवकरच्या अवस्थेत सापडलेल्या आजारात पुष्कळदा स्तन न काढता केवळ गाठ काढून आणि किरणोपचार देऊन भागते, हेही तेथे विचारावे.

निकाल साध्या गाठीचा आला की पेढे वाटून फाईल कपाटावर टाकली जाते, आणि नेमकी येथे एक गोष्ट निसटते. त्रिविध परीक्षणातील तिन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारले पाहिजे, कारण प्रतिमा संशयास्पद आणि तुकडा मात्र साधा असे घडले असेल तर सुई गाठीच्या नेमक्या भागात गेली नसण्याची शक्यता उरते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. तिन्ही जुळले तरी काही स्त्रियांना सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगतात. तोपर्यंत भीती ओसरलेली असते, उसाचा किंवा कांद्याचा हंगाम आलेला असतो आणि तारीख विसरली जाते. ती तारीख डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच राहू न देता घरी परतल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी, ठळक लिहून ठेवावी.